भाचीले गिर्यारोहण शिकायचं हाये, वय 15, गाव अंजनगाव सुर्जीजवळ. सुरवात कुठून करावी?

अंजनगावचा_मामा:
नमस्कार मंडळी. पयल्यांदाच धागा काढून राह्यलो, लांबलं तरी पुरं वाचजा.

माही भाची दहावीत हाये. भाटव्याईचं संत्र्याचं आन् कपाशीचं वावर हाये, सातपुड्याच्या अगदी पायथ्याले. मांगच्या हिवाळ्यात शाळेची सहल चिखलदऱ्याले गेली, तिथी एका पॉइंटवर टुरिस्ट लोकाईले दोरानं कड्याखाली सोडून राह्यले होते, ते पाहून आली तेव्हापासून हिच्या डोक्यात दुसरं काही नाई. मोबाईलवर व्हिडिओ पाहू पाहू गाठी शिकली, पहाटे उठून धुऱ्याधुऱ्यानं पळते. मले मनापासून चांगलं वाटून राह्यलं, आमच्या घरात कोण्या पोरीनं आजलोग असं काही मागतलंच नव्हतं.

आता अडचण. गावाच्या वरच्या अंगाले नाल्यावर दोन पुरुष उंचीचा खडक हाये, तिथी ही आन् तिच्या दोन मैतरणी बैलाचा नाडा कमरेले बांधून चढून राह्यल्या. वर पळसाच्या झाडाले नाडा बांधते एक जण आन् दुसरी चढते. बहिणीनं पाह्यलं तं तिचं काळीजच हाललं. भाटवे म्हणतात शिकू द्या पण नीट शिकू द्या. मले ह्यातलं काही समजत नाई, मी कृषी केंद्र चालवतो. म्हणून विचारतो, ह्या वयात कोणता कोर्स भेटते, विदर्भात कोणी शिकवते का हिमालयातच जावं लागते, खर्च कितपत येते, पोरीले एकटं पाठवणं ठीक राहीन का, आन् तोवर घरी काय तयारी करून घ्यावी. ज्याईनं सोता केलं हाये त्याईनं सांगा, ऐकीव नको.

सातपुडा_पायी:
मामा, पयले तो नाडा बंद, आजच्या आज.

पण पोरीले कारण सांगा, नुसतं नाई म्हणून ह्या वयातलं लेकरू ऐकत नसते. बैलाचा नाडा मजबूतच राह्यते, पोरीच्या वजनानं तो तुटणार नाई कदाचित, पण तो ताणत नाई. चढाईचा डायनॅमिक दोर नायलॉनचा असते, आत गाभा आन् वर विणलेलं कवच, माणूस पडला की दोर लांबते आन् झटका स्वतःवर घेते. नाड्यावर तोच झटका सरळ कमरेच्या मणक्याले बसते. आन् नुसत्या कमरेले बांधून माणूस हवेत लटकला तं बरगड्याखाली आवळल्या जाते, काही मिनिटातच श्वास कोंडते. हार्नेस त्याच्यासाठीच असते, मांड्या आन् कंबर दोन्हीवर वजन वाटल्या जाते.

चिखलदऱ्याले तिनं जो दोर पाह्यला तो स्टॅटिक असन, उतरायले तोच वापरतात, तो कमी ताणते म्हणून उतरताना माणूस वरखाली झुलत नाई. पण त्याच्यावर लीड चढाई, म्हंजे दोर खालून सोबत नेत चढणं, कधीच करायची नाई. ऑनलाइन क्लाइंबिंग रोप म्हणून काहीबाही स्वस्तात विकून राह्यले, ते घेऊ नका. खऱ्या दोराच्या टोकावर यूआयएए नाईतं ईएनचा, म्हंजे सुरक्षेच्या मानकाचा, शिक्का असते आन् डायनॅमिक का स्टॅटिक ते पण लिहून असते. तसं पाह्यलं तं सध्या काहीच घ्यायची गरज नाई, जिथं शिकन तिथलं साहित्य वापरन.

आन् तुम्ही कृषी केंद्रवाले म्हणून आताच सांगून ठेवतो, उद्या दोर घेतलाच तं दुकानात फवारणीच्या औषधापाशी नाईतं इन्व्हर्टरच्या बॅटरीपाशी ठेवू नका. बॅटरीचं अ‍ॅसिड, त्याची वाफ सुद्धा, नायलॉनले खाऊन टाकते आन् वरून दोर नवाकोरा दिसते. उन्हात पडून राह्यला तरी कमजोर होते.

जिवतीकर:
जय सेवा मामा. पोरीले हे वाचून दाखवा.

मे 2018 मध्ये आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळेच्या पाच पोराईनं एव्हरेस्ट चढलं. मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काठमोडे, विकास सोयाम. मिशन शौर्य नाव होतं, आदिवासी विकास विभाग आन् जिल्हा प्रशासनानं मिळून केलं. आमचा माणिकगड पहाडाचा भाग ज्यानं पाह्यला त्याले समजन ही किती मोठी गोष्ट हाये, इथं पावसाळ्यात एसटी येईन का नाई त्याची वाट पाह्यत लेकरं शाळेत जातात.

त्याच्या आधी आताच्या तेलंगणातली मालावत पूर्णा, निजामाबाद जिल्ह्यातली, शेतमजुराची पोर, 25 मे 2014 ले एव्हरेस्टवर पोचली तेव्हा 13 वर्षं 11 महिन्याची होती. नेपाळ 16 वर्षाच्या खाली एव्हरेस्टची परवानगी देत नाई, ती तिबेटच्या बाजूनं चढली.

पण लोकाईले शिखरावरचा झेंडा दिसते, त्याच्या आधीचं दिसत नाई. पूर्णाची सुरवात भोंगीरच्या खडकावर झाली, काझीपेठ सिकंदराबाद लाईनीवर गाडीतूनच दिसते तो, गावाच्या डोक्यावर एकच अखंड खडक. तिथं तिनं दोर हाती घेतला, मंग दार्जिलिंग, मंग लडाखची थंडी, मंग एव्हरेस्ट. मधली एक पायरी कोणी गाळली नाई.

अंजनगावचा_मामा:
वाचून दाखवलं भाऊ. पोरगी काही बोललीच नाई, पाच नावं वहीत लिहून घेतली.

नाडा बंद झाला. एक विचारतो, हेल्मेट लागते म्हणतात तं मोटरसायकलचं चालते का? घरी पडून हाये एक.

दारव्ह्याची_पोर:
मोटरसायकलचं नको मामा. ते जड असतं, मान अवघडते, वर बघता येत नाही, आणि कान झाकले जातात म्हणजे खालच्याने दिलेला आवाज ऐकू येत नाही. चढाईचं हेल्मेट हलकं असतं आणि मुख्य काम म्हणजे वरून येणारा दगड झेलणं.

आता तुमच्या मूळ प्रश्नांकडे येते. मी यवतमाळ जिल्ह्यातली, कॉलेजला असताना उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंगमधून बेसिक कोर्स केला, सगळे त्याला नीम म्हणतात. माझे बाबा पण शेतकरीच, त्यामुळे खर्चाचा प्रश्न आमच्याकडे पण पहिला होता. अशा सरकारी संस्था देशात मोजक्याच आहेत, दार्जिलिंगची 1954 ची, जिथे तेनझिंग नोर्गे यांनी कितीतरी वर्षं शिकवलं, मग मनालीची, उत्तरकाशीची 1965 ची, पहलगामची आणि अरुणाचलात दिरांगची. फीला सरकारी आधार असतो आणि फीतच राहणं, जेवण, दोर, बूट, आइस अ‍ॅक्स सगळं येतं, जायचा यायचा खर्च तेवढा वेगळा. जागा कित्येक महिने आधी भरतात हे लक्षात ठेवा, शेवटच्या घडीला अर्ज केला की वेटिंग. बेसिक महिनाभराचा असतो आणि तो कॉलेजच्या वयाचा आहे, भाचीला त्यासाठी थांबावं लागेल. शाळेच्या मुलांसाठी ह्याच संस्था छोटे अ‍ॅडव्हेंचर कोर्स घेतात, ते दहावीनंतरच्या सुट्टीत बघा. बेसिकला ए ग्रेड मिळाली तरच पुढे अ‍ॅडव्हान्सला घेतात, म्हणून अर्धवट तयारीनं जाऊन बी ग्रेड घेऊन येण्यापेक्षा दोन वर्षं नीट तयारी केलेली बरी, हे मी मनापासून सांगते.

हिमालयात जायच्या आधी जवळच शिकायच्या दोन जागा आहेत ज्या आपल्याकडे कोणी सांगत नाही. एक, पचमढी. आपल्याकडची अर्धी गावं महादेवाच्या यात्रेला तिकडे जातात, चौरागडावर त्रिशूळ घेऊन चढतात, पण तिथेच भारत स्काउट्स आणि गाईड्सची नॅशनल अ‍ॅडव्हेंचर इन्स्टिट्यूट आहे हे माहीत नसतं. शाळेत गाईड्सचं पथक असेल तर बाईंना विचारा. दुसरी, एनसीसी. कॅडेटना गिर्यारोहणाच्या ह्याच मोठ्या संस्थांमध्ये कोर्सला पाठवतात आणि खर्च एनसीसी करते. अकरावीला कॉलेज निवडताना तिथे मुलींसाठी एनसीसी आहे का हे बघूनच अ‍ॅडमिशन घ्या, गावाकडच्या मुलीसाठी ह्याच्याइतका सोपा आणि स्वस्त रस्ता मला तरी दिसला नाही.

आता शिकायचं काय. तिला गाठी येतात म्हणता, चांगलंच आहे, पण सगळ्यात आधी शिकायची ती बिले. म्हणजे दुसरी चढत असताना खालून तिचा दोर सांभाळणं. नीममध्ये आम्हाला टेखलाच्या खडकावर नेलं तेव्हा मला वाटलं होतं लगेच चढायला लावतील. चढायच्या आधी एकमेकींना तपासायला लावलं. समोरचीच्या हार्नेसचं बकल नुसतं बघायचं नाही, पट्टा हातात धरून ओढायचा. फिगर एट म्हणजे हार्नेसला दोर बांधायची आठच्या आकाराची गाठ, तिच्यात दोर सगळीकडे जोडीनं जातोय का, कुठे एकावर एक चढलाय का ते बोट फिरवून बघायचं. गाठीतून बाहेर शेपूट चांगली वीतभर उरली पाहिजे. कॅरॅबिनर म्हणजे दोर अडकवायची धातूची कडी, तिचा स्क्रू फिरवून बंद केला की वरून अंगठ्यानं गेट दाबायचं, उघडलं तर बंद नव्हतं. मग तिनं तुमचं सगळं असंच तपासायचं. मग विचारायचं बिले ऑन? तिकडून ऑन आलं की मगच पाय खडकावर. आणि बिले देणारीचा ब्रेकचा हात दोरावरून सुटायचा नाही, माशी बसली, घाम डोळ्यात गेला, कोणी हाक मारली, काहीही होवो. हे अंगात मुरलं की मग चढाई.

म्हणून माझं एक ऐका, त्या दोन मैत्रिणींना पण सोबतच शिकवा. एकटीला शिकवून पाठवलं तर गावात परत आल्यावर दोराचं दुसरं टोक कोण धरणार? तिघी शिकल्या तर तिघी सुरक्षित.

धामणगावचा_बाप:
सगळे उत्साहानं लिहून राह्यले म्हणून मी दुसरी बाजू लिहितो, कोणी राग मानू नये. मले पण दोन पोरी हायेत. 4 ऑक्टोबर 2022 ले उत्तराखंडातल्या द्रौपदी का डांडा 2 ह्या शिखरावर हिमस्खलन झालं तेव्हा त्याच नीमचे शिकणारे पोरं होते, पंचवीसच्या वर गेले. चांगली संस्था, चांगले शिक्षक, तरी असं झालं. आपण खेड्यातले लोक, पोरगी शिकून नोकरीले लागली पाहिजे हे आपलं गणित. मामा, भाटव्याईले हे पण सांगा. पोरीचं मन मोडा असं मी म्हणत नाई, पण आईबापाले पुरं माहीत असलं पाहिजे.

दारव्ह्याची_पोर:
काका, राग कशाचा. तुम्ही लिहिलंत हे बरं केलंत. ती तुकडी अ‍ॅडव्हान्स कोर्सची होती, गेलेल्यांत शिकवणारे पण होते, खूप अनुभवी. ती बातमी आली त्या रात्री आमच्या बॅचचा ग्रुप जागाच होता. बर्फाच्या डोंगरात कितीही शिकलं तरी काही गोष्टी हातात नसतात हे खरंच आहे आणि कोणी शंभर टक्के सुरक्षित म्हणत असेल तर त्याच्यासोबत लेकराला पाठवू नका.

पण ह्या मुलीच्या वाट्याला पुढची दोन तीन वर्षं बर्फ येणारच नाही. तिच्यासमोर आहे खडक, दोर, अँकर म्हणजे दोर वर जिथे बांधतात ती जागा, ऊन आणि सुटा दगड. ह्यातली प्रत्येक गोष्ट तपासता येते. तिचा आत्ताचा खरा धोका तो नाल्यावरचा खडक आहे, कारण तिथे कोणी शिकवणारं नाही आणि ती जाणारच. बर्फात जायचं की नाही हे ती अठराची झाली की घरचे आणि ती मिळून ठरवतील, तेव्हा तिला स्वतःला पण जास्त कळत असेल. नोकरीचं म्हणाल तर त्याची खात्री मी देऊ शकत नाही, देणारही नाही, मी आज शिक्षिका आहे ती बी.एड.मुळे. पण अंधारात नाला ओलांडून शाळेच्या मुलांना नेताना हात थरथरत नाही ते तिथलं शिक्षण.

धामणगावचा_बाप:
समजलं ताई. माह्याकडून पोरीले आशीर्वाद सांगा मामा.

हरिसाल_वाट:
मेळघाटात चढाई करायची म्हणणाऱ्यासाठी थोडं. मी धारणी रस्त्यावर राह्यतो, इथले कडे रोज पाह्यतो.

आपला खडक बसाल्ट हाये, दख्खनचा काळा पत्थर. सह्याद्रीतही तोच, पण आपल्याकडं लय ठिकाणी वरचा थर झिजून भुसभुशीत झालेला, हाताले मोठा धोंडा लागते आन् ओढला की निघून येते. म्हणून पकड घ्यायच्या आधी मुठीनं ठोकून पाहा, पोकळ आवाज आला की सोडून द्या. पावसाळा लागला की शेवाळ, मंग तं हातच लावू नका. उन्हाळ्यात मे महिन्यात पारा 45 च्या घरात, दुपारी खडकाले तळवा टेकवत नाई. आपला हंगाम म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी, एवढाच.

आग्या मोहोळ. हे मी मोठ्या अक्षरात लिहिलं असतं. कड्याच्या पोटाले लोंबतात, खालून दिसत नाईत, दोर घासला नाईतं दगड सुटला तं उठतात. दोरावर लटकलेल्या माणसाले पळता येत नाई. सकाळी आधी समोरच्या बाजूनं दुर्बिणीनं नाईतं मोबाईलच्या कॅमेऱ्यानं झूम करून पुरा कडा पाहा, पोळं दिसलं की जागा बदला, त्याच्या जवळ धूर नको, अत्तर नको, आरडाओरडा नको.

आन् जंगल खात्याची परवानगी. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत मनानं जाऊन दोर टाकणं म्हणजे गुन्हा. गाविलगड, नरनाळा दोन्ही जंगलात. गाविलगडाचं आलं म्हणून सांगतो, 15 डिसेंबर 1803 ले इंग्रजाईच्या वेलस्लीच्या फौजेनं किल्ला घेतला तेव्हा बाहेरची भिंत तोफेनं फुटली पण आतल्या किल्ल्याच्या मधात दरी होती, तिथं कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीनं दरी चढून भिंतीले शिड्या लावल्या. मी ती जागा पाह्यतो तेव्हा दर वेळेस वाटते, आपल्या लेकराईनं ह्या कड्याचा इतिहास पण शिकला पाह्यजे, नुसता सेल्फी पॉइंट नाई हा.

सातपुडा_पायी:
हरिसाल भाऊंनी मधमाशीचं लिहिलं ते लय गरजेचं होतं. रॅपलिंगचं, म्हंजे दोरानं कडा उतरायचं, एक जोडतो, दोराच्या खालच्या दोन्ही टोकाईले गाठ मारल्याशिवाय कोणी उतरायचं नाई. दोर जमिनीले टेकला असं वरून वाटते आन् टेकलेला नसते, गाठ नसन तं माणूस दोराच्या टोकावरून निसटून जाते.

कातळवेडी_पुणे:
छान धागा चालू आहे. मी पुण्यात कृत्रिम भिंतीवर मुलांना शिकवते, म्हणून किशोरवयाबद्दल एक महत्त्वाचं सांगते जे व्हिडिओत कोणी सांगत नाही.

पंधरा सोळाव्या वर्षी बोटांच्या हाडांची टोकं अजून वाढत असतात. ह्या वयात फिंगरबोर्ड म्हणजे बोटांच्या व्यायामाच्या फळीवर लटकणं, कॅम्पस बोर्ड म्हणजे पायांशिवाय चढायच्या पट्ट्यांवर बोटांनी उड्या मारणं, छोट्या कंगोऱ्यांवर रोज रोज लोंबकळणं ह्यानं त्या वाढीच्या जागीच फ्रॅक्चर होऊ शकतं. मधल्या पेराच्या सांध्यापाशी दुखत असेल, सकाळी बोट वळत नसेल तर चढाई थांबवायची आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवायचं, चिकटपट्टी लावून रेटायचं नाही. मुलं आम्हाला दुखणं सांगतच नाहीत, स्पर्धेतून काढतील म्हणून, त्यामुळे मीच प्रत्येकाची बोटं हातात घेऊन दाबून बघते.

ह्या वयात मिळवायचं ते पायांचं काम. चांगला चढणारा पायांनी चढतो, हात फक्त तोल धरतात. हातापायांपैकी तीन कायम खडकाला आणि एकच हलवायचा, हे जमिनीपासून हातभर उंचीवर आडवं आडवं चालून शिकता येतं, दोर लागत नाही. गावातली दगडी बांधाची भिंत असेल, पडकी नको, तर खाली मऊ माती पसरून तिथे करू द्या. स्पोर्ट क्लाइंबिंग 2021 मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकपासून ऑलिंपिक खेळ झाला आहे, इंडियन माउंटेनिअरिंग फाउंडेशन मुलामुलींच्या वयोगटाप्रमाणे विभागीय स्पर्धा घेते, महाराष्ट्र पश्चिम विभागात येतो. विदर्भातून मुली आल्या तर मला फार आनंद होईल, राहायची सोय आम्ही मुली मिळून करू.

अंजनगावचा_मामा:
सगळ्याईचे लय लय आभार. पोरगी म्हणते मले सोता लिहायचं हाये, तिच्याच शब्दात टाकतो.

मी भाची लिहितेय. सगळ्या ताई, दादा, काकांना नमस्कार. मी सगळं दोनदा वाचलं. आम्ही तिघींनी एकमेकींना तपासायचा सराव सुरू केला आहे, हार्नेस नाही म्हणून शाळेच्या दप्तराच्या पट्ट्यावर करतो. माझे प्रश्न असे आहेत. बूट कोणते घेऊ, माझ्याकडे पीटीचे कॅनव्हास आहेत. पळण्यानं पुरेल की अजून काही करू. आणि एक प्रश्न मामासमोर लिहायला अवघड वाटत होतं पण मामा म्हणाला लिही, महिनाभराच्या कोर्समध्ये पाळी आली तर काय करतात, तिथे थंडीत आणि तंबूत कसं जमतं, कारण आमच्याकडे त्या दिवसांत मुली शाळेला पण येत नाहीत कधी कधी.

दारव्ह्याची_पोर:
किती छान विचारलंस ग. मला हा प्रश्न तुझ्या वयात कोणाला विचारताच आला नव्हता.

पाळी येते, सगळ्यांनाच येते, आणि कोर्स चालू राहतो. दुखत असेल तर आमच्या तुकडीच्या बाई इन्स्ट्रक्टरना सरळ सांगायचो, त्या पोट आवळणारा कंबरपट्टा सैल करून देतात, रकसॅकमधलं सामान जोडीदारीण वाटून घेते. पॅड पुरेसे घरूनच न्यायचे, वर दुकान नाही. वापरलेलं कागदात गुंडाळून झिपच्या पिशवीत आणि ती दुसऱ्या काळ्या पिशवीत, खाली येईपर्यंत स्वतःजवळ, डोंगरात टाकायचं नाही. पाणी बर्फाचं असतं म्हणून ओला टिश्यू लागतो, तो रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोप नाहीतर सकाळी कडक झालेला असतो. उंचीवर पहिल्यांदा गेलं की कधी कधी पाळी पुढेमागे होते, घाबरायचं नाही. आणि बंधन वगैरे तिथे कोणी पाळत नाही, दोर सगळ्या जणी धरतात.

बूट: कॅनव्हास सध्या पुरेत, पायात घट्ट बसणारे हवेत. खडकाचे खास बूट शिकायला लागल्यावर. पळणं चांगलं आहे, त्यात ओझं घालून चालणं वाढव. पाठीवर पाण्याच्या बाटल्या भरून चढाच्या वाटेनं वर जा, वर पोचलीस की पाणी झाडाला ओतून रिकामी खाली ये, म्हणजे उतरताना गुडघ्यावर ताण नाही. ओझं हळूहळू वाढव. पहाटेच कर, उन्हं चढायच्या आत घरी.

सिस्टर_अचलपूर:
मी प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करते, हा धागा आज वाचला. सगळ्यांनी दोर, बूट, हाडं लिहिलं पण आपल्या विदर्भातली मोठी गोष्ट राहिली. सिकलसेल.

आपल्याकडे, आदिवासी समाजात जास्त पण इतर समाजांत पण, हा रक्ताचा आजार पिढ्यांपिढ्या चालत येतो. कोणाला एसएस असतो, तो रुग्ण. पण एएस म्हणजे वाहक, त्याला आयुष्यभर काही त्रास जाणवत नाही, पळतो, कबड्डी खेळतो, कोणाला पत्ता नसतो. हाच माणूस उंच डोंगरावर गेला, हवेत ऑक्सिजन कमी, त्यात पाणी कमी प्यालं आणि अंग मोडून मेहनत, तर रक्तपेशी विळ्यासारख्या वाकून प्लीहेत, म्हणजे पाणथरीत, अडकू शकतात आणि प्लीहेला इजा होते. डाव्या बाजूला बरगडीखाली जोरात दुखतं. सगळ्यांना होत नाही, पण होतं. आपला अमरावती जिल्ह्याचा सपाट भाग तीनसाडेतीनशे मीटरवर, म्हणून इथे कधी दिसतच नाही.

तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट आहे. 1 जुलै 2023 पासून देशभर सिकलसेल निर्मूलन मिशन चालू आहे, आपल्याकडे तर त्याच्याही आधीपासून तपासतात. आधी बोटातून रक्त घेऊन सोल्युबिलिटी टेस्ट करतात, ती पॉझिटिव्ह आली तर वाहक की रुग्ण हे त्यात कळत नाही, त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही रक्ताची पुढची तपासणी. मामा, तिघी पोरींची करून घ्या, सोबत हिमोग्लोबिन पण. ह्या वयात पोरींचं हिमोग्लोबिन कमी असतं आणि मग चढताना दम लागतो तर आम्ही म्हणतो पोरगीच नाजूक.

अंजनगावचा_मामा:
सिस्टर, तुमचं वाचून दुसऱ्याच दिवशी तिघीले घेऊन गेलो. दोघीचं निगेटिव्ह आलं. भाचीचं पॉझिटिव्ह, मंग जिल्ह्याले पाठवलं, आज रिपोर्ट आला, एएस. हिमोग्लोबिन 10.2. बहीण सकाळपासून रडून राह्यली. पोरगी गप्प हाये, मले एवढंच म्हणाली की मामा ताईले विचार आता माहं बंद का. सांगा आता.

सिस्टर_अचलपूर:
मामा, आधी बहिणीला सांगा एएस हा आजार नाही. ती रुग्ण नाही, तिला रोजचं औषध नाही. लग्नाच्या वेळी समोरच्याची पण तपासणी करायची एवढं कायम लक्षात ठेवायचं, कारण दोघं वाहक असले तर दर बाळंतपणात चारात एक शक्यता एसएसची. आईवडिलांपैकी कोणाकडून तरी हे आलंय, तर त्यांची आणि भावंडांची पण तपासणी करा.

बंद नाही. चिखलदरा, पचमढी, इथल्या खडकावरची चढाई, भिंतीवरची स्पर्धा, हे सगळं ती करू शकते. नियम दोन, पाणी तहान लागायच्या आधी, आणि दमली की थांबायचं, कोणी चिडवलं तरी. उन्हाळ्यात दुपारी जोराचा व्यायाम अजिबात नको, वाहकांना त्यात स्नायूंचा गंभीर त्रास होऊ शकतो. हिमोग्लोबिनसाठी लोहाच्या गोळ्या केंद्रातूनच मिळतील, डॉक्टर सांगतील तशा, चहासोबत घ्यायच्या नाहीत, लिंबूपाण्यासोबत.

हिमालयाचं तेव्हा ठरवायचं. जायच्या आधी फिजिशियनला दाखवायचं आणि संस्थेच्या मेडिकल फॉर्मवर एएस स्पष्ट लिहायचं. लपवून कोणी जाऊ नये, वर दुखायला लागलं तर तिथल्या डॉक्टरला पहिल्या मिनिटाला माहीत असलं पाहिजे की कशाचं असू शकतं, म्हणजे ते लगेच ऑक्सिजन लावून खाली आणतील. वाहक माणसं डोंगरात गेलेली आहेत, बहुतेकांना काही होत नाही. पण माहीत असून जाणं आणि नसून जाणं ह्यात फार फरक आहे.

दारव्ह्याची_पोर:
बाळा, बंद नाही वाचलंस ना. सिस्टरांचं उत्तर कागदावर लिहून दप्तरात ठेव, पुढे प्रत्येक शिबिराच्या शिक्षकाला पहिल्या दिवशी दाखवायचं. कातळवेडी ताई म्हणाल्या ती भिंतीवरची चढाई तर तुझ्यासाठी उत्तमच आहे.

जिवतीकर:
आमच्या गावात पण उद्याच विषय काढतो सिस्टर. आश्रमशाळेत तपासणी होते पण कार्ड कुठं ठेवलं ते मोठेपणी कोणाले माहीत नसते. शिबिराले जाणाऱ्या पोराईचं कार्ड मास्तरानं सोबत पाठवलं पाह्यजे.

सातपुडा_पायी:
मामा, डिसेंबरात आमचं नवशिक्याचं शिबिर राह्यते परतवाड्याच्या पुढं, जंगल खात्याची परवानगी घेऊन. शिकवणारे दोघं अ‍ॅडव्हान्स केलेले, एक ताई हायेत. कोणत्याही शिबिराले पाठवायच्या आधी शिकवणाऱ्याचं सर्टिफिकेट, परवानगीचा कागद आन् जवळचा दवाखाना कोणता ठरवला ते विचारायचं, आम्हाले पण विचारा, राज्याचं साहसी पर्यटनाचं 2021 चं धोरण हाये त्यात सुरक्षेचे नियम दिले हायेत. दाखवायले जो कचरते त्याच्याकडं लेकरू पाठवू नका.

तिघीले घेऊन तुम्ही नाईतं भाटवे कोणी एक जण दिवसभर सोबत थांबा. पूर्ण बाह्याचा सुती शर्ट, ट्रॅक पँट, नखं कापून, केस घट्ट वेणी घालून आत खोसलेले, ओढणी नको, कानातलं अंगठी घरी ठेवून. प्रत्येकीच्या दोन बाटल्या पाणी, भाचीले तीन. सिस्टरचा कागद. पयल्या दिवशी कोणी चढणार नाई, गाठी, तपासणी आन् बिले एवढंच होईन, हे पोरीईले आधीच सांगून आणा. तिघीच्या कमरेचं आन् डोक्याचं माप मले मेसेजमध्ये पाठवून द्या, त्या मापाचे हार्नेस हेल्मेट बाजूले काढून ठेवतो.

अंजनगावचा_मामा:
पाठवलं भाऊ. भाटवे येऊन राह्यले सोबत, आन् बहीण पण येतो म्हणते.